टेबलावरच्या तीन टोप्या

ब्रॅडन ओक्स फितूर झाल्याची बातमी वासुदेव केळुसकरला एक मेच्या सकाळी दात घासताना कळली. बेसिनच्या कडेला ठेवलेला फोन थरथरत साबणाकडे सरकला, आणि तोंडात फेस असतानाच वासुदेवनं मान वाकडी करून वाचलं. तसं पाहिलं तर तो ओक्सला ओळखत नव्हता, आणि वासुदेव राहायचा ते जर्मनीतलं नेकारसुल्म नावाचं गाव जगाच्या पाठीवर आहे हे ओक्सला माहीत असण्याचंही काही कारण नव्हतं. तो पोरगा अमेरिकेतल्या ऑर्डवे स्टेट नावाच्या युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमचा क्वार्टरबॅक होता. म्हणजे चेंडू आधी ज्याच्या हातात येतो आणि शेवटी खापर ज्याच्या डोक्यावर फुटतं तो. आता तो टेरिल टेककडून खेळणार होता. टेरिल टेक म्हणजे शेजारचं, शंभर वर्षांचं हाडवैर असलेलं कॉलेज. निवेदन नेहमीचंच होतं. देवाचे आभार, आईचे आभार, कोचचे आभार, आणि माझ्या निर्णयाचा कृपया आदर करावा. खाली फोटो. ओक्सनं टेरिलची हिरवी टोपी घातली होती, आणि शेजारी त्याची आई. ही बाई दोन वर्षं प्रत्येक सामन्याला ऑर्डवेच्या किरमिजी रंगात नखशिखांत बुडून यायची, आणि टीव्हीवाले दर दहा मिनिटांनी तिला दाखवायचे. आता तिच्याही डोक्यावर हिरवी टोपी होती. जरा तिरकी बसलेली, घाईत घातल्यासारखी. हसत होती. पोराचं एक वेळ समजू शकतं, पोरं पोरंच असतात. पण ही बाई! वासुदेवनं चूळ भरली. आदर काही वाटला नाही.

गाड्यांच्या ब्रेकमधून किंकाळी का येते ते शोधून काढणाऱ्या एका लहानशा कंपनीत वासुदेव नोकरीला होता. दिवसभर कानाला यंत्र लावून चाकांचं किंचाळणं ऐकायचं आणि संध्याकाळी अहवाल द्यायचा की किंकाळी मर्यादेत आहे. सत्तावीस वर्षांपूर्वी त्यानं ऑर्डवेतून एमएस केलं होतं. गवताळ, सपाट मुलूख. गावात जेवढी माणसं त्याहून स्टेडियममध्ये खुर्च्या जास्त. तिथून तो इकडेतिकडे नोकऱ्या करत जर्मनीत येऊन टेकला, पण टीम काही सुटली नाही. अमेरिकेतला फुटबॉल हातानं खेळतात, हे त्यानं ऑफिसातल्या जर्मनांना एकदा समजावून सांगितलं होतं, तेव्हा त्यांनी ज्या सहानुभूतीनं माना हलवल्या ती एरवी दाताच्या डॉक्टरकडेच मिळते. त्यातून ऑर्डवेची टीम हरायची. गेल्या सीझनला दोन सामने जिंकली होती, त्यातला एक समोरच्यांच्या चुकीनं. पण हरणं हा काही अभिमानाच्या आड येणारा मुद्दा नव्हे. जो समाज पानिपतावर अडीचशे वर्षं छाती फुगवत आला त्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि सामने काय, वर्षातले चार महिने. उरलेले आठ महिने ऑफसीझन. सामने कुणीही बघेल. खरा चाहता ओळखावा तो ऑफसीझनमध्ये. वासुदेव सकाळी उठल्याबरोबर, तिकडच्या रात्रीत शिळ्या झालेल्या बातम्या ताज्या समजून वाचायचा. लेफ्ट टॅकलच्या जागी खेळणाऱ्या पोराचा गुडघा. व्यायामाचा नवा कोच. मैदानावरची हिरवळ खरी ठेवावी की प्लॅस्टिकची. आणि हल्ली सगळ्यात जास्त म्हणजे पोर्टल. पूर्वी पोरगा एका कॉलेजात गेला की तिथलाच व्हायचा. आता पोर्टल नावाचं एक दार निघालं होतं, त्यातून कुणीही उठून कुठल्याही कॉलेजात जावं. पैसे जास्त मिळाले, जा. कोच आवडला नाही, जा. निष्ठा नावाची गोष्ट हिरवळीबरोबरच प्लॅस्टिकची झाली होती.

"अहो, आत झोपलात का?" बाहेरून बायको, शुभदा. "वडे तळायला मला दहाला हॉलवर पोचायचंय. मी कार नेते. पेढे आणि तुमचा तो टोप्यांचा संसार तुम्ही श्टाटबानच्या गाडीनं आणा. मैत्रेयी येईल तुमच्याबरोबर."

"ओक्स टेरिलला गेला," वासुदेव आतून म्हणाला.

"जाऊ दे. सुटीचं टाइमटेबल आहे, गाडी चुकवू नका."

टोप्यांचा संसार म्हणजे असा. तिकडे रीत आहे. शाळेतला चांगला खेळाडू कुठल्या कॉलेजला जाणार ते जाहीर करतो तेव्हा त्याच्यापुढे टेबल मांडतात. टेबलावर तीन-चार कॉलेजांच्या टोप्या. आजूबाजूला आईबाप, मामा, कोच, पाद्री. पोरगा हात एका टोपीकडे नेतो, मागे घेतो, लोकांचा जीव टांगणीला लावतो, आणि मग एक उचलून डोक्यावर घालतो. की झाला जयजयकार. वासुदेवला या सोहळ्यात आपल्या साखरपुड्याची सगळी लक्षणं दिसायची, फक्त जेवण नव्हतं. त्याच्या मुलीला, मैत्रेयीला, ऑर्डवेनं इंजिनिअरिंगला प्रवेश देऊ केला त्या दिवसापासून हे टेबल त्याच्या मनात मांडलेलं होतं. होकार कळवायची शेवटची तारीख एक मे. शेजारच्या हाइलब्रॉनच्या महाराष्ट्र मंडळाचा महाराष्ट्र दिनही एक मे. याला योग म्हणतात. त्यानं मंडळाचा अध्यक्ष जयंत पटवर्धन याच्याकडून वड्यांच्या आधीची वेळ मागून घेतली होती, ग्रुपवर 'एक आनंदाची घोषणा' असं आदल्या आठवड्यातच टाकलं होतं, त्यावर अभिनंदनाचे जोडलेले हात येऊन पडले होते, आणि शुभदाकडून दूध पावडरचे दोन डबे पेढे करून घेतले होते. मैत्रेयीनं ऑर्डवेला अजून होकार कळवलेला नव्हता. स्टेजवर टोपी घालून झाली की तिथंच फोनवर कळवायचा, असं त्यानं परस्पर ठरवलं होतं. किरमिजी टोपी त्याची स्वतःची, जुनी, पुढे क्रौंच पक्षी. दुसरी, कंपनीच्या उन्हाळी मेळाव्यात फुकट मिळालेली पांढरी. तीन तरी हव्यात, म्हणून तो मैत्रेयीला म्हणाला होता, "तिसरी तू आण गं कुठलीही. नुसती ठेवायला." आणि तिनं काल रात्री गुपचूप एक निळसर लोकरीची टोपी पिशवीत टाकली होती. मे महिन्यात लोकरीची! पण ठेवायलाच तर होती.

गाडीत गर्दी नव्हती. बाहेर द्राक्षांच्या उतारावरून माणसं घोळक्यानं चालली होती, हातगाड्यांत बिअरचे क्रेट घालून ओढत. एक मेला इकडे पुरुषांना असं वासरू हिंडवल्यासारखं हिंडायची परवानगी असते. मैत्रेयी समोर बसली होती, पेढ्यांचे डबे मांडीवर. तिला मराठी सगळं समजायचं आणि उत्तर ती जर्मनमध्ये द्यायची. अठरा वर्षं बापलेकीचा पत्रव्यवहार असा दोन पोस्टांतून चालला होता. वासुदेवनं फोन तिच्यापुढे धरला. ओक्स, त्याची आई, हिरव्या टोप्या. लहानपणापासून ती त्याच्या शेजारी सोफ्यावर बसून ही टीम हरताना बघत आली होती. पाच वर्षांची असताना चेंडू लाथेनं लांब उडवण्याचा 'पंट' हा शब्द तिला 'पोळी'च्या आधी बोलता येत होता. तिनं फोटो बराच वेळ बघितला. मग जर्मनमध्ये म्हणाली की तो वीस वर्षांचा आहे, बाबा.

"म्हणून काय झालं? वीस वर्षांचा असताना मला कळत होतं."

"काय कळत होतं?" हेही जर्मनमध्ये, पण हसून.

काय कळत होतं? काहीच नव्हतं. ऑर्डवेला पोचल्यावरचा पहिला शनिवार त्याला आठवला. वसतिगृह रिकामं, मेस बंद, रस्त्यावर कुत्रं नाही. सगळं गाव एका दिशेला गेलेलं. तोही गेला, आणि कुणीतरी हातात दिलेल्या तिकिटावर आत जाऊन बसला. थंडी अशी की बाकाचं लोखंड पँटमधून आत येत होतं. भाजक्या मक्याचा वास, पितळी वाद्यं, मैदानात माणसांचे ढीग होत होते आणि उलगडत होते. कोण कुणाचा, चेंडू कुठं, काही पत्ता नाही. शेजारी वॉल्ट नावाचा एक म्हातारा होता, शेतकरी असावा, हात फावड्यासारखे. तो मधून मधून समजावून सांगत होता, पण वासुदेवला त्याचं इंग्रजी आणि खेळ दोन्ही सारखेच कळत होते. एवढं कळलं की आपल्याला समोरचे तुडवताहेत. आपल्याला! हा शब्द मनात कधी शिरला ते त्याला समजलं नाही. महिनाभरात त्याला त्या देशात कुणी कशात धरलं नव्हतं, आणि इथं हजारो माणसांच्या मार खाण्यात त्याला आपोआप वाटा मिळाला होता. सामना संपला. पाहुण्या टीमचे लोक नाचत निघून गेले. पण किरमिजीवाले कुणी हलेना. सगळे उभे. वासुदेवनं विचारलं, आता का उभं राहायचं? वॉल्ट मैदानाकडे बघतच म्हणाला, पोरं अजून मैदानावर आहेत. बस्स, एवढंच. शेवटचा लंगडणारा पोरगा आत जाईपर्यंत सगळं गाव उभं होतं. वासुदेवच्या पायांना मुंग्या आल्या. जिंकणाऱ्यांचा अभिमान काय, पोत्यानं मिळतो. पण हे असलं उभं राहणं! आपली पोर एक दिवस त्या लोखंडी बाकावर बसेल, तिच्याही पँटमधून ती थंडी आत येईल, असं त्यानं तिच्या जन्माच्याही आधी कधीतरी ठरवून टाकलं होतं.

"बाबा, मी तिथं जाणार नाहीये."

हे मराठीत होतं. त्यामुळे आधी त्याला वाटलं, मागच्या सीटवरून कुणीतरी बोललं. इतकं सरळ मराठी वाक्य तिच्या तोंडून त्यानं कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. वाईट बातमी माणूस दुसऱ्याच्या भाषेत देतो, निदान तेवढी तरी सोय त्याची व्हावी म्हणून.

"कुठं?" तो म्हणाला. कुठं ते माहीत असूनही.

"ऑर्डवे. मी ड्रेस्डेनला शिकायला जाणार. मी सांगितलं होतं तुला. मार्चमध्ये."

मार्चमध्ये ती तनया नावाच्या मैत्रिणीबरोबर ड्रेस्डेनची युनिव्हर्सिटी बघून आली होती, हे खरं. आल्यावर जेवताना बरंच बोललीही होती, हात हलवून हलवून. पांढरे झगे घातलेली माणसं, काचेपलीकडची खोली, जिथं धुळीचा कण शिरला तर घंटा वाजते, नखाएवढ्या चिपवर अख्खी शहरं. वासुदेव तेव्हा लेफ्ट टॅकलच्या गुडघ्याबद्दल वाचत होता आणि दर दोन वाक्यांनी 'गेनाऊ' म्हणत होता. एकदा तर 'गेनाऊ, गेनाऊ' असं दोनदाही म्हणाला असावा. तिनं तो होकार धरला होता. जर्मन पोर ती. माणूस 'अगदी बरोबर' म्हणतो तेव्हा त्याला बरोबर वाटत असतं, अशी तिची समजूत.

"किती टक्क्यांना बंद होतं तिथलं ॲडमिशन?" त्यानं विचारलं. काहीतरी विचारायलाच हवं होतं.

"बंद नाही होत. शाळेची आबिटूर परीक्षा पास झाली की नाव घालायचं. सगळ्यांना घेतात." मग जर्मनमध्ये भर घातली, की पहिल्या वर्षानंतर अर्धे पळून जातात.

"सगळ्यांना?"

"या," ती जर्मनमध्ये हो म्हणाली.

ओक्सच्या फितुरीपेक्षा हे जिव्हारी लागलं. मंडळात सांगायचं काय? तिथं उत्कर्ष म्यूनिकला 'लागला', सिद्धांतला झुरिचला 'मिळालं'. ज्या दारावर वॉचमन नाही त्या दारातून आत गेल्याचे पेढे कसे वाटायचे? आणि त्याच वेळी, पेढे कसे वाटायचे हा विचार मनात येताच, सांगलीचं घर आठवलं. नाना वीज मंडळात हेडक्लार्क. त्यांनी साहेबांच्या घरी चार-पाच खेपा घालून वासूसाठी ज्युनिअर इंजिनिअरची जागा जवळजवळ नक्की केली होती. आणि वासूनं एका सकाळी सांगितलं, नाना, मी अमेरिकेला जाणार. नानांनी बशीतला चहा संपवला. उठून आत गेले, आणि बाहेर आले ते डोक्यावर काळी टोपी घालून. ती टोपी फक्त लग्नाकार्यात निघायची. पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीत घरोघर फिरले. ऑर्डवे काही त्यांच्या जिभेवर बसलं नाही. "आमचा वासू आडव्याला चालला," म्हणाले. पेंडसेकाकांनी विचारलं, आडवं म्हणजे कुठं आलं? नाना म्हणाले, "अमेरिकेत." मग जरा थांबून, "तिथं सगळं उभंच असतं असं नाही." त्या वयात वासुदेवला वाटलं होतं, म्हातारा खूश झाला. ती काळी टोपी घातली तेव्हा नाना खूश होते की नव्हते, हा प्रश्न त्याला गाडीत, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा पडला. खूश नसणार. अभिमान आधी डोक्यावर घालायचा असतो. आत उतरायला त्याला वेळ लागतो. आणि नाना तर गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत चालत गेले होते. त्याला ओक्सच्या आईची टोपी आठवली, हिरवी, तिरकी, घाईत घातलेली.

"तू रडतोयस?" मैत्रेयीनं विचारलं.

"छे. ब्रेकचा आवाज येतोय. मर्यादेत आहे."

"मग ते टेबल आपण नको करू या. मी जयंतकाकांना सांगते."

"टेबल मांडायचं ठरलंय," वासुदेव म्हणाला. त्यानं टोप्यांची पिशवी मांडीवर घेतली.

हॉलच्या दारातच जयंत पटवर्धन उभा होता, फेटा बांधून. हॉल सांभाळणाऱ्या हाउसमाइस्टरशी त्याचा खुर्च्यांवरून वाद चालला होता. "या वासुदेवराव! टोप्या आणल्यात? लोकांना टोप्या घालायची तुमची हौस जुनीच आहे म्हणा." आतून वड्यांचा वास येत होता. शुभदानं झारा हातात घेऊनच बाहेर डोकावून एकदा नवऱ्याच्या आणि एकदा मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता झारा खाली ठेवला. म्हणजे तिला माहीत होतं. मार्चमध्ये जेवायला तीही बसली होती, आणि तिला गुडघ्याचं काही वाचायचं नव्हतं.

टेबल स्टेजच्या मधोमध होतं, त्यावर पिवळं कापड. तीन टोप्या ओळीनं. जयंतनं माइकवर बोट आपटलं. "आता आपल्या मंडळाची गुणी कन्या मैत्रेयी केळुसकर, ही वडिलांच्याच पावलावर पाऊल टाकून अमेरिकेतल्या एका नामांकित, अं, एका चांगल्या युनिव्हर्सिटीत..." टाळ्या पडल्या. मैत्रेयी टेबलामागे उभी राहिली. समोर साठ-सत्तर माणसं, फोन वर केलेले. वासुदेव स्टेजच्या कडेला होता. तिनं लोकरीच्या टोपीकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. पहिल्या रांगेत शुभदाच्या हातात पेढ्यांचा डबा, झाकण उघडलेलं. मग तिनं बापाकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते वासुदेवनं लगेच ओळखलं, कारण तसलं तोंड करून तो स्वतः अख्खा जन्म साहेबांपुढे उभा राहिला होता. दया आली होती तिला, नाही म्हणवत नव्हतं. तिचा हात किरमिजी टोपीकडे निघाला. हळूच, नाटक म्हणून नाही. त्यानं नुसतं गप्प उभं राहिलं तरी पुरे होतं. आणखी दोन सेकंद गप्प राहिलं असतं तर टोपी तिच्या डोक्यावर गेली असती, लोकांनी गजर केला असता, आणि ती लोखंडी थंडी तिला जन्मभर त्याच्या नावानं वाजली असती.

वासुदेव चार ढांगांत टेबलापाशी गेला, किरमिजी टोपी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर घातली. जरा तिरकी बसली.

"ही माझी आहे," तो माइकमध्ये म्हणाला. "चुकून ठेवली गेली. आता बघ तू."

लोक हसले, कुणाला वाटलं हाही कार्यक्रमाचाच भाग. मैत्रेयी हसली नाही. तिनं निळसर लोकरीची टोपी उचलली आणि थेट कानांवर ओढून घातली, मे महिन्यात, घाम आलेल्या कपाळावर. टाळ्या वाजवायच्या की नाहीत हे कुणाला ठरवता येईना. टोपीवर काही लिहिलेलंही नव्हतं.

"म्हणजे... कुठलं हे?" जयंतनं विचारलं.

"ड्रेस्डेन," वासुदेव म्हणाला. "चिपा करतात तिथं."

"अरे वा, वा! मिळालं कसं पण? फार टफ असेल ना?"

वासुदेवनं समोर पाहिलं. उत्कर्षचे आईवडील. सिद्धांतची आई. कान टवकारलेले. आत कुठेतरी, दोन बरगड्यांच्या मध्ये, काहीतरी ऊब धरू लागलं होतं. अजून पुरती नव्हती, पण लागली होती.

"मिळालं बिळालं काही नाही," तो स्वच्छ आवाजात म्हणाला. "तिथं कुणालाही घेतात. हिनं त्यांना घेतलंय. पेढे घ्या."

जयंतनं पेटीवाल्याला खूण केली. माणसाला काही सुचलं नाही की तो समूहगीत सुरू करतो. मंडळाचं गीत त्यानंच रचलेलं होतं, चालही त्याचीच, आणि ते उभं राहून म्हणायचं असा ठराव त्यानंच पास करून घेतला होता. पेटीचा सूर लागला. खिशात वासुदेवचा फोन थरथरला. ऑर्डवेची काहीतरी बातमी असणार, नवा क्वार्टरबॅक, नवी हिरवळ. त्यानं हात लावला नाही. खुर्च्या करकरल्या, पेढ्यांचे डबे बाजूला झाले, आणि कुरकुरत, गुडघे सांभाळत सगळा हॉल उभा राहिला.

वासुदेव आधीपासूनच उभा होता. पोर अजून स्टेजवर होती.